सातवा हात

"विरुद्ध असतील त्यांनी हात वर करावेत," कुलगुरू म्हणाले, आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मी माझ्या छोट्या टेबलामागून उठलो. हात मोजून आकडा मोठ्याने सांगायचा, हे काम सभा विभागाच्या अधीक्षकाचं, म्हणजे माझं. लंबवर्तुळाकार टेबलाभोवती कार्यकारी परिषदेचे तेरा सदस्य बसले होते. टेबलाच्या टोकाला अध्यक्ष म्हणून कुलगुरू डॉ. अच्युत हुपरीकर, माझ्याकडे पाठ करून. बाजूने असलेल्यांचे हात नुकतेच मोजून झाले होते. ते सहा भरले होते.

"टेंबे, किती?"

"सात, सर."

"नीट मोजलेत?"

"हो सर. सात."

रावसाहेब जाचकांनी टेबलावर थाप मारली. त्यांच्या शेजारचे दोघेतिघे हसले. कुणीतरी म्हणालं, "चला, सुटली पोरं एकदाची."

"नोंद करा," हुपरीकर म्हणाले. "प्रस्ताव सहा विरुद्ध सात मतांनी फेटाळला." आणि लगेच, "पुढचा विषय."

ही मार्च त्र्याऐंशीची गोष्ट. प्रस्ताव होता कासारशेतच्या महाविद्यालयाचं परीक्षा केंद्र पाच वर्षांसाठी रद्द करण्याचा आणि तिथल्या साडेतीनशे मुलांचे निकाल रोखून त्यांची परीक्षा दुसऱ्या केंद्रावर पुन्हा घेण्याचा. महाविद्यालय रावसाहेब जाचकांच्या संस्थेचं. परिषदेत जाचकांचा गट मोठा होता, आणि विद्यापीठात हुपरीकरांच्या बाजूचं असं फारसं कुणीच नव्हतं. बैठक सुरू होतानाच हुपरीकरांनी सांगून टाकलं होतं, "हा प्रस्ताव पडला तर मी या खुर्चीत राहणार नाही. या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत कायम झालं की त्याच दिवशी माझा राजीनामा. हे धमकी म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो."

"माहितीबद्दल आभारी आहोत," जाचक म्हणाले होते, आणि सगळं टेबल हसलं होतं.

तर पुढचा विषय सुरू झाला आणि चहा फिरू लागला. आता चहाबद्दल सांगायला हवं. परिषदेच्या चहाची व्यवस्था माझ्याकडेच असे. पूर्वी केरबा शिपाई प्रत्येकाच्या कानाशी वाकून "साखर चालंल का साहेब?" असं विचारायचा आणि नेमका महत्त्वाच्या मुद्द्यावर बोलण्याचा विचका व्हायचा. म्हणून आधीच्या कुलगुरूंच्या काळात मी एक पद्धत बसवून दिली. केरबा दारात ट्रे घेऊन उभा राहील. ज्याला चहा हवा त्याने पंजा दाखवायचा, ज्याला बिनसाखरेचा हवा त्याने मूठ वर करायची. बोलणं चालू राहतं, चहाही मिळतो. इतक्या वर्षांत माझ्याकडून विद्यापीठात एवढीच काय ती सुधारणा झाली.

केरबाने प्राचार्य दिवाणांपुढे कप ठेवला आणि हलकेच म्हणाला, "बिनसाखरेचा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दिवाण सर दाराजवळच्या खुर्चीत बसत. वय सत्तरीकडे झुकलेलं, मधुमेह, उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. बाजूने मतदान झालं तेव्हा त्यांचा हात खालीच होता. विरुद्ध मतदान चालू असताना केरबा ट्रे घेऊन दारात आला, आणि दिवाण सरांची मूठ वर गेली. ती मूठ मी मत म्हणून मोजली होती.

म्हणजे खरे आकडे होते सहा आणि सहा. समसमान मतं पडली तर निर्णायक मत अध्यक्षाचं. हुपरीकर जिंकले होते.

मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण मी बोलणारा माणूस नव्हे, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजही आहे. पुस्तकं वाचणं, टिपणं काढणं, दुसऱ्यांनी बोललेलं लिहून ठेवणं, यात माझी हयात गेली. दालनात तेरा मोठी माणसं बसली होती. मी वहीत पाहिलं, 'सहा विरुद्ध सात' हे शब्द वाळून गेले होते. मी पुढचा विषय लिहायला घेतला.

हुपरीकर रसायनशास्त्राचे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून आले होते. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे पाहायची सवय. आल्या आल्या त्यांनी हजेरीपट स्वतःच्या दालनात मागवून घेतला. सव्वादहाला त्यावर लाल रेघ. रेघेखाली सही केली की अर्धी रजा गेली. तीन महिन्यांत कर्मचारी संघटनेने फाटकावर "हुपरीकर हटाव"चा फलक लावला. ते रोज त्या फलकाखालून चालत येत, कारण विद्यापीठाची गाडी घरून कार्यालयात येण्यासाठी वापरायची नाही हा त्यांचा आणखी एक नियम. एकदा वारा फार होता आणि फलक एका बाजूने सुटला होता. त्यांनी पहारेकऱ्याला बोलावून तो नीट बांधून घेतला. संघटनेचे लोक त्यावरही चिडले.

कासारशेतला ते स्वतः गेले होते, एसटीने, कुणाला न कळवता. परत आल्यावर त्यांनी परिषदेत जे सांगितलं ते माझ्या वहीत आहे. वर्गातल्या फळ्यावर उत्तरं लिहिलेली होती. पर्यवेक्षक मागच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत होता.

"रावसाहेब, तुमच्या पर्यवेक्षकाने मला विचारलं, 'आपण कोणत्या मुलाचे वडील?'"

जाचक चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत. "साहेब, माझ्या भागातली पहिली पिढी कॉलेजात आलीय. त्यांचे बाप शेतात राबतात. त्यांचं एक वर्ष घालवून तुम्हाला काय मिळणार?"

"पहिलीच पिढी आहे म्हणून तर. तिला तुम्ही फळ्यावरचं उतरवून घ्यायला शिकवताय."

"शिकवणारे आम्ही. परीक्षा घेणारे तुम्ही. मग पोरांना शिक्षा कशाला?"

"म्हणूनच नापास करत नाही, पुन्हा परीक्षा घेतोय. शिक्षा केंद्राला आहे."

हुपरीकरांचं म्हणणं बरोबर होतं. मला ते तेव्हाही पटत होतं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

पण आमच्या विभागात जे घडलं तेही लिहायला हवं. आदल्या वर्षी जुलैत एका दुपारी मी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचत बसलो होतो. वाचता वाचता सुट्टी संपली आणि मला कळलं नाही. मान वर केली तेव्हा टेबलासमोर हुपरीकर उभे होते. टाइपरायटर थांबले होते.

"काय वाचताय?"

मी उभा राहिलो आणि पुस्तक पुढे केलं. एक जुनी कादंबरी होती. त्यांनी ते घेतलं नाही.

"दोन वाजून बारा मिनिटं झालीत. विद्यापीठाच्या वेळेत वाचताय म्हणजे विद्यापीठाच्या कामाचंच असणार. मग सगळ्यांनाच ऐकू द्या. वाचा."

"सर, चुकलं माझं. पुन्हा..."

"वाचा. जिथे होतात तिथून."

मी वाचू लागलो. नायिका नायकाला पत्र लिहिते असा भाग होता. माझ्या बोलण्यात थोडा अडखळा आहे, घाबरलो की तो वाढतो. "प्रिय" हा शब्द मला तीनदा उच्चारावा लागला. कोपऱ्यातल्या टंकलेखिकेने तोंडाला पदर लावला. एक पान झालं, हुपरीकर काही बोलले नाहीत. दुसरं पान झालं. तिसऱ्या पानाच्या शेवटी ते म्हणाले, "पुरे. आता कामाला लागा," आणि निघून गेले.

पुढे कितीतरी महिने मी कँटीनमध्ये शिरलो की कुणीतरी विचारायचं, "टेंबे, प... प... प्रिय, पत्राचं उत्तर आलं का हो?" कुलसचिव पोतनीससुद्धा एकदा म्हणाले, "टेंबे, फाइल आणलीत की पत्र?" हुपरीकर मात्र ते सारं विसरून गेले असावेत. त्यांच्या दृष्टीने तो सव्वादोनच्या आत निकालात काढलेला विषय होता. मी मात्र सकाळी दाढी करताना ती तीन पानं आरशासमोर पुन्हा वाचत असे, मनातल्या मनात, एकदाही न अडखळता.

मतदानानंतर पुढची सभा तीन आठवड्यांनी होती. इतिवृत्त कायम होईपर्यंत त्यात दुरुस्ती सुचवता येते. एकदा कायम झालं की ते दगडावर कोरल्यासारखं. म्हणजे माझ्याकडे तीन आठवडे होते.

चार दिवसांनी मी इंदूला सांगितलं. इंदू म्हणजे माझी बायको. ती शेंगा सोलत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग सांगा की जाऊन."

"कुणाला?"

"हुपरीकरांना. 'सर, मोजताना चूक झाली.' पाच शब्द आहेत."

"चारच," मी म्हणालो.

"मग तर आणखी सोपं."

"अगं, चौकशी लागेल. 'इतके दिवस गप्प का होता' म्हणतील. जाचकांची माणसं मला रस्त्यात गाठतील."

"तुम्ही काय चोरी केलीय का? हात मोजताना कुणाचीही चूक होते." तिने शेंग फोडली आणि दाणे न काढता माझ्याकडे पाहिलं. "अहो, ते तुम्हाला आवडत नाहीत म्हणून तर नाही ना हे?"

"काहीतरीच काय बोलतेस!" मी इतक्या जोरात म्हणालो की ती दचकली. मी तिच्यावर आवाज चढवल्याचं त्याआधीचं मला काही आठवत नाही. "मला भीती वाटते. तुला माहीत नाही का मी कसा आहे ते?"

"माहीत आहे," इंदू म्हणाली, आणि तिने दाणे वाटीत टाकले. "म्हणून तर विचारलं."

दुसऱ्या दिवशी मी दिवाण सरांकडे गेलो. वाटलं, त्यांनीच सांगितलं तर माझ्यावरचं ओझं उतरेल. ते अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. मी त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला उभा राहिलो.

"सर, त्या दिवशी तुम्ही हात वर केला होता..."

"कुठला हात?"

"मतदानाच्या वेळी. मूठ."

"मूठ? ती चहाची." ते हसले. "मला कुठे ऐकू येतंय तिथे काय चाललंय ते. जाचक बोलतात आणि तुमचे कुलगुरू बोलतात, मला दोघांचे नुसते ओठ दिसतात. मी कुणाच्याच बाजूने नाही बाबा."

"ती मूठ मी मत म्हणून मोजली, सर. विरुद्ध."

झारीतलं पाणी त्यांच्या चपलेवर सांडत राहिलं. त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. बहिऱ्या माणसाला तो नीट खाली आणता येत नाही, तरीही.

"टेंबे, माझी सून जाचकांच्या कॉलेजात आहे. अजून कायम झालेली नाही. दोन वर्षं झाली, तिला लटकवून ठेवलंय त्यांनी."

"मला माहीत नव्हतं, सर."

"आता झालं ना माहीत. मत विरुद्ध गेलं म्हणून परवा रावसाहेबांनी मला आंब्याची पेटी पाठवली. मला वाटलं, ही कशाबद्दल? आता कळलं." त्यांनी झारी खाली ठेवली. "तुम्ही काही बोलू नका. मीही बोलत नाही. हुपरीकर काय, आज इथे आहेत, उद्या पुण्याला जातील. आपल्याला इथेच राहायचंय."

मी बरं म्हणालो आणि निघालो. वाटेत मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू? दिवाण सरांसारखा मोठा माणूसच जर गप्प राहणार, तर माझ्यासारख्याचं काय?

पण दिवाण सरांना झोप लागली नसावी. सभेच्या आदल्या दिवशी अकरा वाजता मला कुलगुरूंचं बोलावणं आलं. दालनाची खिडकी नेहमीप्रमाणे सताड उघडी होती आणि टेबलावरचा प्रत्येक कागद कशाखाली तरी दाबलेला होता. त्यांनी मला बसायला सांगितलं. त्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसत होतो.

"सकाळी दिवाण आले होते," ते म्हणाले. "म्हणतात, त्या दिवशी ते चहा मागत होते. मत दिलंच नव्हतं. मी म्हणालो, उद्या सभेत एवढंच सांगा. तर म्हणाले, ते जमणार नाही. सभेत विचारलंत तर मत विरुद्धच होतं म्हणेन. सुनेचं काहीतरी आहे."

मी त्यांच्या घरी गेलो होतो, हे दिवाण सरांनी सांगितलेलं दिसत नव्हतं.

"मोजणी तुम्ही केलीत. तुम्ही काय पाहिलंत?"

"हात पाहिले, सर."

"दिवाणांचा पंजा होता की मूठ?"

"लक्षात नाही, सर."

"चहाची पद्धत तुमचीच ना? पोतनीस सांगत होते."

"हो, सर."

"मग मूठ दिसली तर सगळ्यांत आधी तुम्हाला कळायला हवं." ते पुढे वाकले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कपाळाऐवजी डोळ्यांत पाहिलं. "हे पाहा टेंबे, माझ्या खुर्चीचं सोडा. मी गेलो तर माझी प्रयोगशाळा आहे, मला बरंच वाटेल. पण हे केंद्र राहिलं तर पुढच्या वर्षी अशी दहा होतील. फेरमोजणी मी मागितली तर म्हणतील, हरला म्हणून रडतो. मोजणाऱ्याने मागितली तर कुणाला काही बोलता येणार नाही. उद्या उभं राहून एवढंच म्हणा, 'मोजणीबद्दल मला शंका आहे.' शंका आहे एवढंच. कुणाचं नाव घेऊ नका. मी फेरमतदान घेईन, आणि दिवाण तर तेव्हा गैरहजरच राहतील, मला माहीत आहे. तुमच्यावर काही येणार नाही. हवं तर लेखी देतो."

तो माणूस माझी विनवणी करत होता. त्याला ती करता येत नव्हती; वाक्यं हुकूम दिल्यासारखीच येत होती, पण ती विनवणीच होती.

"सर, मला नक्की सांगता येत नाही."

"नक्की नको आहे. शंका हवी आहे."

"शंका तरी... कशी घेऊ, सर? वहीत सात लिहिलंय."

"वहीत तुम्हीच लिहिलंय!" त्यांची मूठ टेबलावर आदळली आणि पेपरवेट घरंगळून दोन कागद उडाले. "तुम्ही माणूस आहात की फाइल? एका खोलीत बसून तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं उतरवलीत, स्वतःचं एक वाक्य म्हणायला इतकं जड जातं?"

मी खाली वाकून कागद उचलले, टेबलावर ठेवले आणि त्यांच्यावर पेपरवेट ठेवला.

"येऊ का, सर?"

त्यांनी हाताने जा अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. आधीच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं हा नेहमीच पहिला विषय. एरवी तो अर्ध्या मिनिटात संपे. अध्यक्ष विचारायचे, "कायम?" आणि सगळे, कागद न उलटता, "कायम, कायम" म्हणायचे. त्या दिवशी हुपरीकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विद्यापीठाच्या इतिहासात कुणी विचारला नसेल असा प्रश्न विचारला.

"कायम करण्याआधी सभा विभागाला काही दुरुस्ती सुचवायची आहे का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. मी उभा राहिलो.

"सभा विभागाला?" जाचक हसून म्हणाले. "साहेब, उद्या केरबालाही विचाराल. बोला टेंबेसाहेब, काय दुरुस्ती आहे? शुद्धलेखनाची?"

लोक हसले. दिवाण सर समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

"मी टेंब्यांना विचारतोय," हुपरीकर म्हणाले. "त्यांना वेळ घेऊ द्या."

मला वेळ मिळाला. किती होता सांगता येणार नाही, पण पुरेसा होता. खिडकीबाहेर माळी गवतावर पाणी मारत होता. हुपरीकर वळून माझ्याकडे पाहत होते. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि थकलेले दिसत होते. त्यांना बहुधा मी धड दिसतही नव्हतो.

"काही नाही, सर," मी म्हणालो.

"कायम," जाचक म्हणाले.

"कायम, कायम," टेबल म्हणालं. त्यात दिवाण सरांचाही आवाज होता. बहिऱ्या माणसाचा, जरा जास्तच मोठा.

हुपरीकरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. राजीनामा आधीच टाइप केलेला होता, त्यांनी स्वतःच केलेला, कारण आमच्या विभागातून तो गेला नव्हता. तो वाचून दाखवायला त्यांना वीस सेकंदही लागले नाहीत. मग ते म्हणाले, "विषय क्रमांक दोन."

बैठक संपल्यावर जिन्यात जाचकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वजनदार हात होता.

"टेंबेसाहेब, माणूस ओळखायला आम्ही चुकलो. आम्हाला वाटायचं, तुम्ही त्यांचे."

"मी कुणाचाच नाही, रावसाहेब."

"असंच म्हणायचं. असंच म्हणायचं." त्यांनी खांदा दाबला आणि खाली उतरले. पाच महिन्यांनी मी सहायक कुलसचिव झालो. माझ्यापुढे दोघेजण ज्येष्ठ होते. दिवाणांची सून त्याच महिन्यात कायम झाली. कासारशेतचं केंद्र चालू राहिलं आणि पुढच्या वर्षी परजिल्ह्यांतून दीडशे मुलांनी तिथे प्रवेश घेतला. त्या वर्षीच्या केंद्रांच्या यादीवर माझी सही आहे.

हुपरीकरांच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ झाला नाही. संघटनेने फाटकावर पेढे वाटले. पाच वाजता, सगळे निघायच्या गडबडीत असताना, ते आमच्या विभागात आले. हातात एक जुनी चामडी बॅग होती. खोली गप्प झाली. ते सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"टेंबे, त्या दिवशी मी तुम्हाला फाइल म्हणालो."

मी उभा राहिलो. "असू द्या, सर."

"असू कसं द्या? चूक ती चूक." ते हळू बोलत होते, पण त्या शांततेत टंकलेखिकेलाही ऐकू जात असणार. "सत्तावन्न वर्षांचा झालो आणि एवढं कळलं नाही, की सगळ्यांनाच सगळं झेपत नाही. तुमचा स्वभाव भिडस्त. घाबरणारा. मला ते माहीत होतं, तरी मी सगळा भार तुमच्यावर टाकला. दोष माझा होता. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"नाही, सर."

त्यांनी हात पुढे केला. मी तो हातात घेतला. मग ते जिना उतरून गेले, नेहमीसारखे पायी.

ते अकरा वर्षांपूर्वी वारले. बातमी पेपरात चार ओळींची होती. इंदूही गेली. आता जे मी लिहिणार आहे ते तिलाही कधी सांगितलं नाही. ती विचारायची थांबली होती, आणि मी ते सोयीचं मानून घेतलं.

वर मी लिहिलं आहे की केरबाने कप ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते खरं नाही. इतकी वर्षं मी ते तसंच सांगत आलो, स्वतःलासुद्धा, आणि लिहितानाही हात त्याच वळणाने गेला. सहा हात मोजून झाले होते. 'सहा' हा शब्द जिभेवर तयार होता. तेवढ्यात दार ढकलून केरबा आत आला, दिवाण सरांची मूठ वर गेली, आणि ती मूठ कशाची हे मला त्याच क्षणी समजलं. ती खूण माझीच होती. मला हुपरीकरांची मान मागून दिसत होती, नीट कापलेले पांढरे केस, ताठ कॉलर. त्यांनी विचारलं, "टेंबे, किती?"

मला भीती वाटली नाही. तीस वर्षांच्या नोकरीत त्या दालनात मी इतक्या मोकळ्या आवाजात कधी बोललो नव्हतो. एकदाही अडखळलो नाही. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा तर मला बरंच वाटलं, कारण मला ते पुन्हा म्हणता आलं.

पुढच्या तीन आठवड्यांत जी भीती मी सगळ्यांना दाखवली ती मला वाटत होतीच, नाही असं नाही. पण ती नंतर आली. आणि माझ्याबद्दल सगळ्यांना तेवढंच ठाऊक असल्यामुळे दुसरं काही शोधायची कुणाला गरज पडली नाही. हुपरीकरांनाही नाही.

गेल्या महिन्यात निवृत्तांच्या मेळाव्यात पोतनीस भेटले. नव्वदीचे झालेत. त्यांनी नातसुनेशी माझी ओळख करून दिली. "हे टेंबे. फार वाचन. पण स्वभावाने बिचारे फार भित्रे हो."

मी हसून मान डोलावली.